सतरा नंबरची सरळ रेघ

ज्युलिथने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो हॉटेलच्या हॉलच्या दारात उभा राहून अंगातल्या शर्टाचं टोक पिळत होता... आणि शर्ट नारिंगी होता.

बाकीचे तेवीस जण केव्हाच येऊन आपापल्या जागी बसले होते. टीव्हीवर अजून जाहिराती चालू होत्या, नेत्यांची डिबेट सुरू व्हायला दहा मिनिटं होती, आणि बाहेर बेटाच्या मधोमध वसलेल्या मँडव्हिल गावाच्या टेकड्यांवर दुपारपासून पाऊस धो धो कोसळत होता. हा चोविसावा उशिरा आला होता, ओला आला होता, आणि वर नारिंगी घालून आला होता.

"शर्ट काढा," ज्युलिथ म्हणाली.

तो थबकला. "इथेच?"

"नियमांचा कागद वाचला नाहीत? हिरवं चालत नाही, नारिंगी चालत नाही. आम्हाला तळ्यात-मळ्यात असलेली माणसं हवी आहेत. तुम्ही एका पक्षाचा रंग घालून बसलात, तर शेजारचा टीव्ही बघेल की तुमच्याशी भांडेल?"

"पक्षाचा नाही हो मिस, फुकटचा आहे." त्याने मुकाट्याने बटणं सोडली. आत टी-शर्ट होता. हिरवागार. छातीवर दुसऱ्या पक्षाच्या उमेदवाराचा हसरा चेहरा. "हाही फुकटचाच," तो घाईघाईने म्हणाला.

ज्युलिथ हसली नाही. सकाळपासून ती उभी होती आणि तिचे पाय बोलत होते. ती हॉटेलच्या स्वयंपाकघरात गेली आणि आचाऱ्याचा पांढरा कोट घेऊन आली. त्याच्या बाह्या याला जेमतेम कोपराच्या खाली पोचल्या.

"आज सूप कोणतं आहे म्हणून विचारलं, तर काय सांगू?" त्याने बाह्यांकडे बघत विचारलं.

"सतरा नंबरला बसा," ती म्हणाली. पण वळताना तिला ओठ दाबावे लागले.

काम साधं होतं. प्रत्येकाच्या हातात एक डायल. टीव्हीवर नेता बोलत असताना बोलणं पटलं तर उजवीकडे फिरवायची, थेट शंभरपर्यंत. नाही पटलं तर डावीकडे, शून्यापर्यंत. मध्ये पन्नास. मागच्या टेबलावर ज्युलिथच्या पडद्यावर चोवीस रेघा पळायच्या, आणि कोणत्या वाक्याला लोक भुलले, कोणत्याला विटले, ते किंग्स्टनमधल्या तिच्या ऑफिसला तिथल्या तिथे कळायचं. निवडणुकीआधी अशा तीन डिबेट होत्या. तिन्हींना हीच चोवीस माणसं.

तिची ही तिसरी निवडणूक. नऊ वर्षं झाली होती, आणि खरं सांगायचं तर ती या सगळ्याला विटली होती. पाणी येणार म्हटलं की रेघा वर जायच्या. रस्ता होणार म्हटलं की अजून वर. तेच पाणी, तोच रस्ता, फक्त बोलणाऱ्याच्या टायचा रंग वेगळा. लोकांना हसायचीही तिला सोय नव्हती. केनरिक नावाचा एक माणूस तिला चार वर्षं "पुढच्या डिसेंबरात लग्न करू" म्हणत आला होता, आणि पाचव्या डिसेंबरात त्याने मायामीत दुसरीशीच केलं. त्या चार वर्षांत हिची स्वतःची रेघ एकदाही नव्वदच्या खाली आली नव्हती. तेव्हापासून ज्युलिथ लोकांच्या रेघा बघायची आणि स्वतःची कुणाला दाखवायची नाही.

डिबेट सुरू झाली. पाच मिनिटांत तिच्या लक्षात आलं की सतरा नंबरची रेघ हलत नाहीये. पन्नासवर सरळ, आखल्यासारखी. डायल बिघडली असणार म्हणून ती वाकून हळूच गेली आणि त्याला दुसरी दिली. तरी सरळच. हिरव्यांचे नेते हॉस्पिटलबद्दल बोलले, नारिंगींचे नेते शाळांबद्दल बोलले, तेवीस रेघा माकडांसारख्या वरखाली उड्या मारत राहिल्या, आणि आचाऱ्याच्या कोटातला माणूस शांतपणे टीव्ही बघत राहिला.

कार्यक्रम संपल्यावर तो कोट परत द्यायला आला, तेव्हा तिने विचारलंच. "तुम्ही डायल फिरवलीच नाहीत?"

"फिरवावी असं काही झालंच नाही, मिस."

"नव्वद मिनिटांत एकदाही?"

तो विचारात पडला. "एकदा हात गेला होता... ते नारिंगीवाले मध्येच पाणी प्यायले ना, तेव्हा. घशाला कोरड पडली होती बिचाऱ्यांच्या. मला वाईट वाटलं. पण म्हटलं, ही काही मोजायची गोष्ट नव्हे."

आणि ज्युलिथला हसू आलं. खुदकन, आवरण्याआधीच. स्वतःचाच आवाज ऐकून ती दचकली. कितीतरी दिवसांनी तो तिच्या कानावर पडला होता.

त्याचं नाव लासेल. मँडव्हिल ते क्रिस्टियाना या रस्त्यावर तो टॅक्सी चालवायचा, आणि ज्युलिथ राहायची क्रिस्टियानातच. म्हणजे दुसऱ्या गाडीसाठी पावसात उभं राहण्यात काही अर्थ नव्हता. गाडीत आधीच दोन माणसं वाट बघत बसली होती: बाजारात सुरण विकणाऱ्या मिस आयोनी, पक्क्या नारिंगी, आणि खाटीक मिस्टर बेक, पक्के हिरवे. दोघांनी हॉटेलच्या बारमध्ये उभ्या उभ्या डिबेट बघितली होती.

"आमच्या नेत्याने तुमच्याला पार झोपवला!" मिस आयोनी म्हणाल्या. "काय रे ड्रायव्हर?"

"झोपवलाच, मिस आयोनी," लासेल म्हणाला.

"झोपवला? अहो, घाम फुटला होता तुमच्याला! मी डोळ्यांनी बघितला. काय रे लासेल?"

"घाम तर होताच, मिस्टर बेक."

ज्युलिथ पुढच्या सीटवर बसून त्याच्याकडे टक लावून बघायला लागली. ते दोघं उतरल्यावर ती म्हणाली, "तुम्ही दोघांनाही हो म्हणालात."

"गाडीत बसणाऱ्याचं मत ते ड्रायव्हरचं मत. आमच्या धंद्यातला पहिला नियम आहे तो. वाद घातला की माणूस दुसऱ्या दिवशी मागच्या गाडीत बसतो."

"आणि तुमचं स्वतःचं मत?"

"ते मी घरी ठेवून येतो." त्याने गाडी तिच्या फाटकापाशी थांबवली. काचेवर पाऊस वाजत होता. "सकाळी सातला मी इथूनच जातो, मिस. म्हणजे... असाही जातोच."

निवडणूक होईपर्यंत ज्युलिथचं काम मँडव्हिलच्या हॉटेलातच होतं. सकाळी सातला गाडी आली. दुसऱ्या दिवशीही आली. पुढच्या सीटवर बटाट्यांचं पोतं ठेवलेलं असायचं, आणि कुणी बसायला आलं की लासेल म्हणायचा, "तिथे नको, तिथे बटाटे आहेत. मागे जरा अंग चोरून बसा." ज्युलिथच्या फाटकापाशी ते पोतं मुकाट डिकीत जायचं. चार दिवसांनी तिच्या लक्षात आलं की पोतं रोज तेच असतं.

"हे बटाटे विकायचे आहेत की पाळलेत?" तिने विचारलं.

"सवय झालीय त्यांना फिरायची." तो कानापर्यंत लाजला. मग त्याने कागदात गुंडाळलेला बन आणि चीज तिच्या मांडीवर ठेवलं. "तुम्ही सकाळी काही खात नाही. चेहऱ्यावर दिसतं."

"अजून काय दिसतं चेहऱ्यावर?"

"वळण आलंय, मिस... मला रस्ता बघू द्या."

दुसऱ्या डिबेटलाही सतराची रेघ सरळच राहिली. किंग्स्टनहून मिस्टर नेंबर्डचा फोन आला. ते या मोजणीचे प्रमुख. "तो सतरा नंबर झोपतो का तिथे? काढून टाक त्याला. आमचा आलेख बिघडतोय."

"झोपत नाही, सर. त्याला दोघांचंही पटत नाहीये, एवढंच. चोविसातला तो एकटाच खरं सांगतोय असं मला वाटतं."

"तू त्याची बाजू घेतेस?"

"मी रेघेची बाजू घेतेय," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र तिचे गाल गरम झाले होते.

थकवा होताच. निवडणुका जवळ आल्या होत्या, भोंगे पहाटेपासून ओरडायचे, खांबाखांबावर हसरे चेहरे लटकत होते. पण पावणेसात वाजले की तिचा हात आपसूक आरशापाशी जायचा. लासेलच्या शेजारी कुणी काही मागत नव्हतं, कुणी काही देऊ करत नव्हतं. तो वळणावर हळूच विचारायचा, "काच वर करू?" आणि ती "हो" म्हणायची... आणि एवढ्यानेच दिवस जरा हलका व्हायचा. कधी ती मुद्दाम "नको" म्हणायची, म्हणजे तो पुन्हा विचारेल.

मग बुधवारी बार्बाडोसहून पत्र आलं. ब्रिजटाउनच्या ऑफिसात तिला बढती होती. तीन बेटांवरच्या नव्या मुलामुलींना हे काम शिकवायचं. सुरुवातीला आठ महिने. आणि आवडलं तर कायमचं. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत उत्तर कळवायचं होतं.

संध्याकाळी गाडीत दोघंच होती. फाटक आलं तरी ती उतरली नाही. तिने त्याला सगळं सांगितलं, आणि मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय करू? जाऊ?"

एक शब्द हवा होता तिला. नुसतं "अं...?" म्हणाला असता तरी चाललं असतं.

"जा की," लासेल म्हणाला. "चांगलं आहे ते. समुद्र जवळ आहे म्हणतात."

"जाऊ म्हणता?"

"जायलाच पाहिजे, मिस."

तेच शब्द, तोच सूर. मिस आयोनींना हो, मिस्टर बेकना हो, आणि हिलाही हो! ज्युलिथ उतरली. फाटक तिने आवाज न करता लावलं, आणि घरात जाऊन दिवा न लावता खुर्चीवर बसून राहिली. तिला रडू आलं नाही. रडायलाही अंगात जोर लागतो.

गुरुवारी शेवटची डिबेट होती. दोन्ही नेत्यांचे आवाज बसले होते. हॉलमधली माणसंही कंटाळली होती. एक आजी तर डायल मांडीवर ठेवून पेंगत होती. ज्युलिथने लासेलकडे बघितलंच नाही. पडद्यावर मात्र बघावं लागत होतं, आणि पहिल्याच मिनिटाला सतराची रेघ हलली. पन्नासवरून चाळीस. वीस. शून्य. आणि तिथेच राहिली. हिरवे बोलले तरी शून्य, नारिंगी बोलले तरी शून्य, मध्ये जाहिरात लागली तरी शून्य.

मिस्टर नेंबर्ड फोनवर ओरडत होते. "काय झालं? कोणत्या वाक्याला पडली?"

"कुठल्याच नाही, सर," ज्युलिथ हळूच म्हणाली.

हॉल रिकामा झाल्यावर ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "हे काय होतं?"

लासेल डायलच्या वायरीशी चाळा करत होता. "तुम्हीच सांगितलं होतंत ना... जे वाटेल तसं फिरवा म्हणून. आज तसं वाटत होतं."

"लासेल, नऊ वर्षं मी लोकांच्या मनातलं डायलवरून वाचतेय. मला आता डायल नको. तोंड आहे ना तुम्हाला?"

त्याने तोंड उघडलं. पण त्या तोंडाला अकरा वर्षं टॅक्सी चालवून "हो"ची सवय झालेली. दुसरं काही बाहेर येईना. शेवटी ती डोळे पुसत बाहेर पडली आणि दुसऱ्याच टॅक्सीत बसली.

शुक्रवारी सकाळी ती फाटकातून निघाली ती चालत टॅक्सी-स्टँडपर्यंत जायच्या इराद्याने. पण गाडी उभी होती. बटाट्यांचं पोतं बाहेर काढून लासेल दार उघडून उभा होता, आणि मागे मिस आयोनी, मिस्टर बेक आणि ड्यूटीला निघालेली एक नर्स दाटीवाटीने बसली होती. एवढ्या लोकांसमोर तमाशा नको म्हणून ज्युलिथ बसली. बारा वाजायला पाच तास होते.

"काल आमच्याने तुमच्याला बोलूच दिलं नाही," मिस्टर बेक म्हणाले. "काय रे लासेल?"

लासेलने नुसता गिअर बदलला.

"म्हण ना हो. त्यांना हो म्हण, मग मला हो म्हण," मिस आयोनी म्हणाल्या. "अकरा वर्षं बसतेय तुझ्या गाडीत. आम्हाला काय कळत नाही होय?"

"तुम्हाला... माहीत होतं?"

"सगळ्या रस्त्याला माहीत आहे. तुझं हो म्हणजे हॉर्नसारखं. वाजतं, पण म्हणून कुणी वळत नाही."

लासेलने गाडी बाजूला घेतली. बांबूच्या बेटापाशी, धुक्यात. हँडब्रेक ओढला.

"पेट्रोल संपलं?" नर्सने विचारलं.

"नाही. मला एक बोलायचंय." तो समोरच्या काचेकडे बघत होता. "बुधवारी हिने मला विचारलं, बार्बाडोसला जाऊ का? आणि मी सवयीने जा म्हणालो. ते खोटं होतं."

"जा म्हणालास?" मिस आयोनी ओरडल्या. "अरे गाढवा!"

"गाढवच आहे," मिस्टर बेक म्हणाले. त्या दोघांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं, आणि दोघांनाही ते जरा जडच गेलं. मग मिस्टर बेक पुढे वाकले. "पण हे उत्तर नव्हे. आधी काय चुकलं तेवढंच सांगितलंस. काल टीव्हीवर दोघा नेत्यांनी नेमकं हेच केलं. मुद्द्यावर ये."

"आणि तिच्याकडे बघून बोल," मिस आयोनी म्हणाल्या. "काचेला काय सांगतोस?"

"मला आठला ड्यूटी आहे," नर्स म्हणाली. "दोन मिनिटं देते."

ज्युलिथला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण तिने दार उघडलं नाही. दाराच्या कडीवर ठेवलेला हात तसाच राहिला.

लासेल तिच्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. रात्रभर झोपला नसावा. "जाऊ नकोस, ज्युलिथ," तो म्हणाला.

त्याच्या तोंडून मिसशिवाय नुसतं नाव तिने कधी ऐकलं नव्हतं.

"मला बोलता येत नाही," तो म्हणाला. "हे करीन, ते आणीन... असलं काही मी सांगणार नाही. गाडी जुनी आहे, घराचं एक दार लागत नाही. पण तू उतरलीस की मी पुढची तीन वळणं रेडिओ लावत नाही. तू काय काय बोललीस ते परत आठवतो. कुणी काही विचारलं तर ऐकूच येत नाही मला. तू गेलीस तर मला मुळीच आवडणार नाही. कुणाला पटो न पटो, मला आवडणार नाही."

मागे कुणीतरी नाक ओढलं. मिस्टर बेक होते ते.

ज्युलिथचे डोळे भरून आले. हाच शब्द तिला बुधवारी हवा होता, आणि आता तो मिळाल्यावर आत साचलेलं काहीतरी एकदम सैल झालं. थकवासुद्धा. मग तिने कडीवरचा हात काढला.

"मी जाणार आहे," ती म्हणाली.

"अगं बाई!" मिस आयोनी म्हणाल्या.

"आठ महिने. नऊ वर्षं खपून ही जागा मिळालीय मला, लासेल, आणि मला ती हवी आहे. पण काल रात्री मी ठरवलं होतं, गेले की परत यायचं नाही. इथे कुणाला फरक पडतोय, म्हटलं." तिने गालांवर ओघळलेले अश्रू तळहाताने पुसले. "आता मला परत यायचंय."

"म्हणजे... जाणारच?"

"हो."

लासेलच्या ओठांवर ते सवयीचं "बरं" येताना तिला स्पष्ट दिसलं. ते आलं, थांबलं... आणि त्याने ते गिळलं.

"मला मान्य नाही," तो म्हणाला.

ज्युलिथ हसली. रडत रडतच हसली, आणि गिअरवरच्या त्याच्या हातावर तिने हात ठेवला. "नकोच करूस मान्य," ती म्हणाली. "परत येईन तेव्हा 'जाऊ का' म्हणून पुन्हा विचारीन. तोपर्यंत मत बदलू नकोस."